कॅसेटच्या शेवटी उरलेली जागा

मित्रांनो, माझ्या जाळीत अडकलेली ही गुलाबी धूळ पाहून तुम्हाला वाटेल, कुणीतरी माझ्यावर पावडर सांडली असावी. तसं नाही. ती कवळ्यांची धूळ आहे. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझं सगळं आयुष्य खोट्या दातांच्या संगतीत गेलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एका रांगेत बसायच्या. कुणी माझी मोटर बसवली, कुणी बटणं, कुणी कानाइतका छोटा माइक. शेवटी बसलेल्या एका सर्दी झालेल्या तपासनिसाने माझं लाल बटण दाबलं आणि तो माइकमध्ये नुसता शिंकला. माझ्यात भरला गेलेला पहिला आवाज तो. पुढे मी एका दुकानाच्या काचेत उभा राहिलो. येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे, मीही ऐटीत असायचो. कुणीतरी मोठ्या दिवाणखान्यात नेईल, माझ्यावर भरतकामाचा रुमाल घालील, अशी माझी स्वप्नं होती.

नेलं ते आत्याने. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्य लोकांच्या हिरड्यांची मापं तिच्याकडे पाठवायचे, ती प्लास्टरचे साचे करायची, गुलाबी मेणात एकेक दात रोवायची, मग घासूनपुसून त्यांना खऱ्यासारखी चमक आणायची. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी दिवसभर तिथे "आत्या, आत्या" करत असायची, त्यामुळे मापं आणणारा शिपाईसुद्धा तिला आत्याच म्हणू लागला. तिच्या खोलीत एक लांब बाक, एक खिडकी आणि फळीभर जबडे होते. मला त्या जबड्यांच्या शेजारी ठेवलं. पहिल्या दिवशी मी मनातून खट्टू झालो. इतके सगळे दात समोर आणि गाताना साथ एकाचीही नाही!

पण मित्रांनो, आत्यासारखी ऐकणारी मी दुसरी पाहिली नाही. रॉक, पॉप, जे हाती लागेल ते ती आणायची आणि पूर्ण अल्बम ऐकायची. एखादंच गाणं काढून ऐकणाऱ्यांचा तिला राग. तिचा एक ठाम नियम होता. अल्बमची परीक्षा करायची असेल तर दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐकायचं. तिचं म्हणणं असं की पहिली गाणी लोकांसाठी असतात, शेवटचं टाळ्यांसाठी. ज्याच्यावर कुणाची नजर जात नाही असं गाणं तिथे असतं, आणि तिथे गाणारा एकतर झोपलेला सापडतो किंवा अगदी खरा.

आता तिची खरी तऱ्हा सांगतो. कॅसेटच्या प्रत्येक बाजूला गाणी संपल्यावर थोडी टेप कोरी उरते. इतर लोक ती पुढे पळवतात. आत्या तिथे आपलं मत भरायची. विकत घेतलेल्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवर दोन खाचा उघड्या ठेवलेल्या असतात. आत्या त्या खाचांत कवळीचं गुलाबी मेण दाबून बसवायची, कॅसेट माझ्यात घालायची, लाल बटण दाबायची आणि हातातलं काम न थांबवता बोलायला लागायची.

काय बोलायची म्हणता! एका रॉकवाल्याबद्दल म्हणाली, याला गिटार सुरू करता येते, बंद करता येत नाही. जेवायचं ताट समोर आणून ठेवलं तरी हा आपला वाजवतोच आहे. एका पॉपच्या अल्बमबद्दल म्हणाली, पहिली दोन गाणी दुकानाच्या काचेत मांडण्याजोगी आणि बाकीची मागच्या खोलीत पोत्यात भरून ठेवलेली. एका बँडमधला ड्रमवाला तिला इतका आवडला होता की बाकीचे चौघे त्याच्या खांद्यावर बसून गाव फिरताहेत असं तिचं मत होतं. हे सगळं मनापासून. एखादं गाणं काळजाला भिडलं तर तिचा आवाज बसायचा आणि ती सरळ सांगायची की मला रडू येतंय, जरा थांबते. मग टेपवर नुसता तिच्या कानशीचा आवाज भरला जायचा.

मत सांगून झालं की ती गुण द्यायची. हातातल्या मेण कापायच्या सुरीची मूठ माझ्या डोक्यावर वाजवायची, टक, टक. पाचपैकी जितके गुण तितके टकोरे. पाच मात्र तिने कुणालाच दिले नाहीत. पाच दिले तर पुढच्याने काय करायचं, असं ती विचारायची. माझ्या डोक्यावर त्या मुठीने पडलेला खळगा आजही आहे. तो माझा मान आहे, असं मी समजतो.

तिची भाची, म्हणजे तिच्या भावाची मुलगी, शाळेतून थेट इथेच यायची. सदा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची म्हणून आत्याने तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. नवी कॅसेट आली की पुटपुटी ती घरी नेऊन शेवटची मतं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी हसतहसत परत आणायची. तोंडी मत विचारायचं नाही, हा दोघींमधला पक्का शिरस्ता होता. विचारलं की आत्या म्हणायची, "टेप ऐक."

पुटपुटी मोठी झाली आणि एक दिवस स्वतःच एक कॅसेट घेऊन आली. हिपहॉप. वेष्टणावर एका मोडक्या जिन्याचं चित्र. तिने ती आत्यासमोर ठेवली, जपून, बक्षीस मिळालेला कप ठेवावा तशी. तिला तो अल्बम जिवापाड आवडला होता, आणि ती ओठांत जे पुटपुटायची ते काय होतं हे त्या दिवशी मला कळलं. ती तसलंच काहीतरी स्वतः रचत होती. आत्याला हा अल्बम आवडला तर ते सांगायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आत्याने तो ऐकला. खाचांत मेण दाबलं, लाल बटण दाबलं आणि सुरुवातच अशी केली, "यात गाणं कुठे आहे? हा माणूस घरमालकाशी भांडतोय आणि मागे कुणीतरी कपडे आपटतंय." पुढेही ती बरंच तोंडसुख घेत होती. सुराशिवाय गाणं म्हणजे दाताशिवाय तोंड, असंही म्हणाली. पण मित्रांनो, मी तिथेच होतो, मी पुढचंही ऐकलं. बोलताबोलता ती थबकली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आपण परतपरत ऐकतोय असं तिने कबूल केलं. आजारी आईला पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या मुलाचं ते गाणं होतं. तिचा आवाज बसला. शेवटी तिने टकोरे दिले. चार.

दुसऱ्या दिवशी आत्या तयार कवळी पोहोचवायला गेली होती तेव्हा पुटपुटी आली. घरी न्यायचाही तिला धीर नव्हता. तिने तिथेच कॅसेट लावली. घरमालकाचं भांडण ऐकलं, कपडे आपटणं ऐकलं, दाताशिवाय तोंड ऐकलं. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने टेप थांबवली, मागे घेतली आणि माझं लाल बटण दाबलं. मी गरगर फिरत होतो आणि आतल्या आत ओरडत होतो की अगं थांब, पुढचं ऐक. पण आम्हा यंत्रांना स्वतःचा आवाज नसतो. लाल बटण दाबलं की जुनं पुसायचं आणि नवं भरायचं, एवढंच आम्हाला कळतं. ती रागाने बोलली, पण आत्याचं मत जिथे संपत होतं त्याच्या जरा अलीकडेच थांबली. मग खाडकन बटण बंद करून तिने कॅसेट फळीवर अगदी मागे, जुन्या जबड्यांच्या पाठीमागे सरकवून दिली.

एकदा दिलेलं स्वतःचं मत आत्या परत ऐकत नसे. त्याने माणूस आखडतो म्हणायची. त्यामुळे तिला काहीच समजलं नाही. ती आपली वाट बघत राहिली की चार गुण ऐकून पोरगी उड्या मारत येईल. पोरगी आली ती तोंड फुगवून. आत्या मनात म्हणाली असेल, चार दिले तरी हिचं समाधान नाही. एका शब्दाने विचारलं असतं तर गाठ सुटली असती. पण शिरस्ता आडवा आला. दोघी प्रेमाने वागायच्या, चहा व्हायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची. गाण्याचं मात्र कुणी काढायचं नाही. पुढे पुटपुटी दुसऱ्या शहरात गेली आणि तिकडे हिपहॉपच करते असं तिच्या वडिलांच्या बोलण्यातून कळलं.

माझेही दिवस फिरले. सीडीच्या चकत्या आल्या, मग फोन आले. मला कपाटावर चढवलं आणि माझ्यावर प्लास्टरची पिशवी ठेवली. ज्याच्या डोक्यावर टकोरे पडायचे त्याच्या डोक्यावर ओझं आलं. आतला रबरी पट्टा सैल झाला, मग चिकट. गाणी आठवायची, पण फिरता येत नव्हतं. त्या काळात मी फार एकटा होतो.

मग आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, आवाज गेला. गाण्यांवर इतकं बोलणारी, हसणारी आत्या आता बोट हलवून आणि भुवया उडवून काम भागवू लागली. पुटपुटी धावत आली. आत्याच्या हाताशी राहिली, औषधं बघू लागली. एका दुपारी ती कपाट आवरायला चढली आणि तिने मला खाली उतरवलं. धूळ झटकली, खळग्यावर बोट फिरवलं आणि तिथेच मला मिठी मारून रडली. तिला आत्याचा आवाज हवा होता आणि तो जगात फक्त त्या मेण लावलेल्या कॅसेटांत उरला होता.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "पट्ट्याचा पार डिंक झालाय." पण माणूस चांगला होता. त्याने नवा पट्टा घातला, टेपवरचा आवाज वाचणारं हेड पुसलं. बाकावर परत बसल्यावर मी पहिल्यांदा फिरलो आणि त्या गिटार न थांबवणाऱ्याबद्दलचं मत खोलीत घुमलं. पुटपुटी हसली. आत्या समोर बसून मेणात दात रोवत होती, तिने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. एकामागून एक कॅसेट निघत गेली. आणि जबड्यांच्या मागून, अगदी शेवटी, मोडक्या जिन्याची.

पुटपुटीने ती लपवायला हात मागे नेला. आत्याने बोटाने खूण केली, लाव. पुटपुटीने जड मनाने बटण दाबलं.

आधी तिचाच कोवळा, चिडलेला आवाज आला, "तुला काही कळत नाही. तू फक्त मेलेल्यांची गाणी ऐक आणि कवळ्या कर." आत्याने मान वर केली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. पुटपुटी बंद करायला पुढे झाली, पण आत्याने तिचा हात धरला. तिचे खांदे गदगदत होते. ती आवाज न करता हसत होती.

मग खट्ट झालं आणि त्याखालून, अर्ध्या शब्दापासून, आत्याचा आवाज निघाला.

"...सतंच की. दाताशिवाय तोंडही हसतंच, मी तर रोज बघते. पोरगी बरोबर होती, मी चुकले. पण तिला तोंडावर सांगायची नाही, फार शेफारेल." मग टक, टक, टक, टक.

पुटपुटीने तोंडावर हात ठेवला. "आत्या, मी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं गं," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या रुसव्याचा फुगा कशाने फुगला होता हे आत्याला आत्ता कळत होतं. तिने मेणाने माखलेला हात भाचीच्या डोक्यावर ठेवला.

थोड्या वेळाने पुटपुटीने पिशवीतून एक कॅसेट काढली. तिचा स्वतःचा पहिला अल्बम, या खोलीत वाजावा म्हणून मुद्दाम कॅसेटवर भरलेला. आल्यापासून पिशवीतच होता. द्यायचं धैर्य होत नव्हतं, कारण मत द्यायला आत्याला आवाज नव्हता आणि आजारी माणूस दयेने पाच देऊन मोकळा होईल, ही भीती आणखी मोठी होती.

आत्याने कॅसेट उलटी केली. पुढे पळवली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. मी जीव ओतून वाजलो, मित्रांनो. गाणं एका बाईचं होतं, जी दिवसभर लोकांना हसू बनवून देते. आत्याचे हात थांबले. डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते पुसलं नाही. गाणं संपलं. तिने सुरी उचलली.

टक. टक. टक.

पुटपुटी वाट बघत राहिली. आत्याने सुरी खाली ठेवली, टेप थोडी मागे घेतली आणि एका ओळीवर तळहात हवेत दाबून दाखवला. इथे घाई केलीस, हळू म्हण.

"तीनच?" पुटपुटीने विचारलं आणि ती हसतहसत रडायला लागली. रडतारडता म्हणाली, "तू बरी आहेस आत्या. तू अगदी बरी आहेस."

आता मी बाकावरच असतो. पुटपुटी सुट्टीत येते तेव्हा माझं हेड कापसाने पुसते, आत्या माझ्यावर प्लास्टर उडू देत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी कपाटावर पडला असेल तर त्याला खाली उतरवा, त्याचा पट्टा बदला, त्याच्या पोटात कुणाचा आवाज आहे ते बघा. आणि कुणाचंही लाल बटण दाबण्याआधी टेप शेवटपर्यंत ऐकून घ्या. मोडक्या जिन्याच्या त्या कॅसेटचा पुसलेला भाग मला परत आणता येत नाही. तो भाग मी ऐकला होता आणि फार सुंदर होता, पण वाजवू कुठून?