सर्वानुमते

मी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीतली खुर्ची. माझ्यावर बसून लोक बोलतात आणि मी ऐकते, असाच रिवाज आहे. आज मात्र थोडं माझं ऐका. फार वेळ घेणार नाही.

घिवलीच्या अलीकडे आमची वाडी. होडी बांधून उरलेल्या सागाच्या फळ्यांतून तिथल्या सुताराने मला घडवलं. माझ्या बहिणी समुद्रावर गेल्या, मी कचेरीत आले. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं. एका जागी फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात आणि नंतर काहीच कळत नाही. माझं अंगभर तसंच झालं.

आमची सोसायटी सातपाटीच्या सोसायटीसारखी मोठी नव्हे. बारा सभासद, एक कपाट, एक वही. सभेला माझ्यावर चेअरमन आनंदा तांडेल बसत. दुपारी मात्र तिथे बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरे. मासळी वाळत घालून झाली की त्या तासभर येत, आणि तेव्हा माझ्यावर भगवंत गुरुजी असत.

गुरुजी नाकासमोर चालणारे. पुस्तकात कमळ होतं म्हणून त्यांनी कमळ शिकवलं. खाऱ्या वाऱ्यात जन्म काढलेल्या बायका त्या कमळाकडे बघत आणि हाताची घडी घालून गप्प बसत. विसाच्या सहा झाल्या. "पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणून गुरुजी बदली होऊन पालघरला गेले.

पासष्ट साली त्यांच्या जागी इंदुबाई आली. मूळची साताऱ्याकडची. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे तिचा नवरा नोकरीला. पहिल्याच दिवशी तिने आपली छत्री आणि पिशवी माझ्यावर ठेवली आणि स्वतः खाली, बायकांच्या चटईवर बसली. चेअरमनच्या खुर्चीवर छत्री! मला अपमान वाटायला हवा होता. तोही वाटला नाही.

"तुम्हाला काय शिकायचंय?" तिने विचारलं.

कुणी तोंड उघडेना. ती थांबली. दुसऱ्या दिवशी तेच विचारून पुन्हा थांबली. तिसऱ्या दिवशी गोदूबाईला राहवेना. "बाय, मास्तरीण तू का आमी? आमाला ठावं असतं तर हितं आलो असतो का?"

इंदुबाई हसली. "मला मासळीतलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. तिथूनच सुरुवात करू."

तेव्हा मागून नर्मदा बोलली. ती भिंतीला टेकून एकटी बसायची. तिच्या चटईवर कुणी बसत नसे.

"मी सभेत नाय म्हनलं होतं. ते वहीत लिवलंय का नाय, ते मला वाचायचंय. दुसऱ्याच्या तोंडून नको."

तिचं एकटं बसणं का, ते मला माहीत होतं. नवरा गेल्यावर त्याच्या जागी ती सभासद झाली. सभेत बाई अशी ती एकटीच. बोंबील सुकवायची किनाऱ्यावरची जागा एका ठेकेदाराला खडी टाकायला द्यायची, असा विषय निघाला. नर्मदा दारापाशी उभी राहून म्हणाली, "ती वाऱ्याची जागा हाय. ती दिलीत तर आमी बायकांनी बोंबील कुठं सुकवायचं? माजी ना हाय." आनंदा तांडेल माझ्या हातावर बोटं वाजवत म्हणाले, "बरं बरं, पंढरी, लिवून घे." सेक्रेटरी पंढरीने लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. तिने अंगठा दिला.

पंधरा दिवसांत खडी पडली. वाडीत बोलवा उठली की नर्मदानेही होकार दिला, वहीत अंगठा आहे. जागा गेली ती बायकांची. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिचं बोलणं मी ऐकलं होतं, पण खुर्चीची साक्ष कोण काढतो?

इंदुबाईने कमळाचं पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. "मग पहिला शब्द कोणता घेऊ?" तिने सगळ्यांना विचारलं. बायका भांडल्या. कुणी म्हणे बोंबील, कुणी म्हणे आपलं नाव. शेवटी ‘जागा’ ठरला. मग वारा, होडी, खडी. शब्द त्यांनी द्यायचा, अक्षर इंदुबाईने दाखवायचं, आणि त्यावर अर्धा तास वाद घालायचा. वर्ग पुन्हा भरला. नर्मदा मात्र भिंतीशीच. ऐकून ऐकून मलाही अक्षरं कळायला लागली.

आठ महिन्यांनी एका दुपारी नर्मदाने पंढरीकडे वही मागितली. "सभासदाला बघायचा हक हाय." पंढरीने हसत दिली. ही काय वाचणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिने पान शोधलं आणि सगळ्यांसमोर, ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचलं. "खडी... टाकण्यास... जागा देण्याचा ठराव... सर्वानुमते मंजूर." खाली तिचाच अंगठा.

आपल्या खरेपणाचा पुरावा म्हणून तिने अक्षरं गिरवली होती आणि अक्षरांनी तिलाच खोटं पाडलं. ती रडली नाही. बोट तिथेच राहिलं. इतक्या वर्षांनी मला काहीतरी वाटलं: लाज वाटली.

इंदुबाईने तिची बाजू घेतली नाही, समजूतही काढली नाही. फक्त विचारलं, "अंगठा देताना हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं?"

"नाय. पंढरी म्हनला, तुजं म्हननं लिवलंय."

"आणि बाकीच्या? पावतीवर, कर्जाच्या कागदावर तुम्ही अंगठा देता तेव्हा?"

गोदूबाई स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आमीपन असाच देतो." मग तिने आपली चटई उचलली आणि भिंतीशी, नर्मदाच्या शेजारी नेऊन टाकली.

पुढच्या सभेत पंढरीने सवयीने शाईचा पॅड पुढे केला. नर्मदाने तो बाजूला सारून वही ओढली. "आदी वाचते."

"नर्मदे, भरती लागली. होड्या काढायच्या हायत," आनंदा तांडेल म्हणाले.

"मी हलूच वाचते, तांडेल. थांबा."

अकरा पुरुष थांबले. माझ्यावर तांडेल सारखे चुळबुळत होते. शेवटच्या ओळीशी तिचं बोट थांबलं. "खडी कदी उचलनार, असं मी आज इचारलं. ते हितं नाय. लिवा." पंढरीने लिहिलं. तिने ते पुन्हा वाचलं आणि मग आपलं तीन अक्षरांचं नाव ओळ ओलांडून मोठ्ठं लिहिलं.

आता माझा एक पाय डुगडुगतो, पाठीची फळी चिरली आहे. पहिला बधिरपणा परत आलाय, तक्रार नाही. माझ्यावर बसणाऱ्यांना एकच विनवणी: अधूनमधून खाली चटईवर उतरा, आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

खडी अजून हललेली नाही. बोंबील बायका कुंपणांवर सुकवतात. पण दर सभेला, भरती असो वा ओहोटी, नर्मदाचं वाचून होईपर्यंत कुणालाही उठता येत नाही.