सुगी झाल्यावर जाऊ

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा आहे, पोटाला दोन पोचे आहेत आणि झाकण आता नीट बसत नाही. बीदरजवळच्या जनवाड्यात, एका घराच्या फळीवर मी पडून असतो. तुम्ही म्हणाल, तांब्याला कसली आलीय कहाणी! खरंच आहे तुमचं. ही कहाणी तशी माझी नाहीच. ज्या बाईसाठी मला घरात आणलं, तिची आहे. पण तिची जीभ आता वळत नाही, म्हणून मी सांगतो.

उदगीरच्या एका तांबटाने मला घडवलं. त्याच्या हातोडीचा मार खाताना मी मनातल्या मनात त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. पण चिंच लावून घासल्यावर असा झळकलो म्हणता! फिरकीचा तांब्या असतोच मुळी प्रवासासाठी. झाकण फिरवून घट्ट केलं की बस कितीही आदळू दे, थेंब सांडत नाही. दुकानात शेजारी घागरी होत्या, त्यांना मी जरा तुच्छच लेखत असे. त्या बिचाऱ्या विहिरीपासून घरापर्यंत जाणार, आणि मी मुलूख बघणार, अशी माझी घमेंड होती.

बीदर नुकतंच म्हैसूर राज्यात गेलं होतं, त्या सुमाराला पिराजीने मला विकत घेतलं. तरणाबांड शेतकरी, नवीन लग्न झालेलं. त्याच्या बायकोचं नाव विमलबाई. शेजारची चंद्रम्मा आपल्या भावाकडे हैदराबादला जाऊन आली होती आणि तिथली नुमाइश, म्हणजे ते मोठं प्रदर्शन, पाहून आली होती. विजेवर फिरणारा उंच पाळणा, त्यात ती बसली होती! मग काय, आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नाही.

"अय्यो, काय सांगू इमल! वर गेलं की पोटात गोळाच येतोय बग. आन् खाली समदे दिवेच दिवे. जमीन कुटं हाय ते कळंनाच झालं मला."

विमलबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. संध्याकाळी भाकरी वाढताना ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला एकदा त्या पाळन्यात बसवता का?"

"हात्तिच्या, एवढंच व्हय?" पिराजी हसला. "नेतो की!"

आणि पुढच्या बाजाराला तो मला घेऊन आला. विमलबाईने माझं झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावलं. मला उलटं धरून हलवलं. थेंब सांडला नाही, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. मित्रांनो, तिचं तसं हसणं मी पुढे फार थोड्या वेळा पाहिलं.

नुमाइश भरते जानेवारीत. आणि जानेवारीत आमच्याकडे जोंधळ्याच्या कणसात दाणा भरतो. दाणा भरला की पाखरं येतात, थव्यांनी येतात. पहाटेपासून मचाणावर उभं राहून गोफण फिरवावी लागते, डबा बडवावा लागतो. पिराजी म्हणाला, "पीक उघडं टाकून कसं जावं इमल? सुगी झाल्यावर जाऊ." नुमाइश तेवढ्याच दिवसांत असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. विमलबाईला पटलं. शेतकऱ्याच्या घरची लेक होती ती, तिला न पटून कसं चालेल? आणि मी, हैदराबादला निघालेला तांब्या, रोज सकाळी पाणी भरून मचाणावर जाऊ लागलो. घागरी मला हसत असतील तर मला सांगू नका.

सुगी झाली. मग लग्नसराई आली, मानपान सोडून जाता येईना. मग मृग लागला, पेरणी आली. श्रावणात मूग-उडीद काढायला आले, मांजरा नदीला पूर आला, रस्ता बंद. दिवाळीत रब्बीची पेरणी चालू होती, पुढे तूर आली, आणि तूर खळ्यावर येते ना येते तोच पाखरं पुन्हा हजर. खोटं एकही कारण नव्हतं, हेच तर वाईट. पिराजी लबाड माणूस असता तर विमलबाई भांडली तरी असती. तो बायकोला जीव लावणारा होता. फक्त त्याला प्रत्येक वेळी पुढची वेळ जास्त चांगली वाटायची.

बरीच वर्षं अशी गेल्यावर एकदा वैशाखात तो आपण होऊन म्हणाला, "इमल, आता मोकळे हावोत. रास झाली, लगीन कुनाचं न्हाई, पाऊस न्हाई. याच्याहून चांगला टाइम कंचा? उद्या निघू."

विमलबाई चाचरली. "पर चंद्रम्मा थंडीत गेलती म्हनं. आता आसंल का पाळना?"

"खुळी का काय तू! एवढं मोठं लोखंडाचं चाक, ते काय दर साली उपटत्यात व्हय? विहिरीवरची मोट तरी काडतो का आपन?"

चंद्रम्माला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण विमलबाई विचारायला गेली नाही. विचारलं आणि बेतच मोडला तर, या भीतीने ती गप्प राहिली. मला पाण्याने भरलं, दशम्या बांधल्या, नवं लुगडं नेसली. बसमध्ये तिने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. मी पहिल्यांदा जग बघत होतो आणि मला आनंद आवरत नव्हता.

मैदान मोकळं होतं. फाटकाला कुलूप. आत खड्डे, कागद, आणि उन्हात झोपलेलं एक कुत्रं. राखणदार म्हणाला, "अब्बी काँ की नुमाइश, चाचा? जनवरी में आव ना."

पिराजीचा चेहरा पडला. विमलबाई फाटकाचे गज धरून आत बघत राहिली. कुठे चाक उभं असेल, ते ती शोधत होती बहुतेक. मग माझं झाकण उघडून तिने दोन घोट पाणी घेतलं, नवऱ्याला दिलं, आणि म्हणाली, "चला, शेवटची गाडी चुकंल." येताना तिने मला मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं.

त्यानंतर तिने स्वतःहून कधी विषय काढला नाही. पिराजीच काढायचा. "औंदा नक्की," म्हणायचा. मग दुष्काळ पडला. त्या जानेवारीत राखायला पीकच नव्हतं, पाखरं नव्हती, मचाण रिकामं होतं. सगळा वेळच वेळ होता. पण दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, अशात पाळण्याचं नाव कोण घेणार? मीच तेवढा तिथे त्यांच्या पाण्यासाठी उन्हात तापत होतो. माझा पहिला पोचा तिथलाच, खडीवर आपटून पडलेला.

पुढे चांगले दिवस आले. लोक मला वऱ्हाडाला मागून न्यायचे, "काय मजबूत तांब्या हाय" म्हणायचे. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि माझी रवानगी फळीवर झाली. त्याचं मला फार वाईट वाटलं, पण ते दुःख किती किरकोळ होतं ते मला त्याच साली कार्तिकात कळलं. अंगणात पाट्यावर चटणी वाटता वाटता विमलबाई कलंडली. अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेनात. केस तर दोघांचेही तोवर पांढरे झाले होते.

जानेवारी आला. जोंधळा कधी नव्हे इतका जोमदार होता. एका सकाळी पिराजीने मला फळीवरून काढलं, घासलं, पाण्याने भरलं. चंद्रम्मा धावत आली. "आता तू कुटं चाललास, अण्णा? पाखरं समदं खाऊन टाकतील की!"

"खाऊ देत," पिराजी म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

त्याने बायकोला कधी हाताला धरून, कधी उचलून हैदराबादला नेलं. आणि खरोखर, मित्रांनो, दिवेच दिवे होते! पाळणा गरगर फिरत होता. पोरंबाळं वरून ओरडत होती. पिराजी तिला घेऊन पुढे सरकला, तर पाळणेवाल्याने हात आडवा केला.

"नक्को चाचा. अम्मा को पकडके बैठना नै आता. गिर गए तो?"

"मी धरतो की तिला! घट्ट धरतो!" पिराजीने हात जोडले. "बाबा, लई सालापासनं बसायचं हाय तिला."

तो पाळणेवाला काही वाईट माणूस नव्हता. त्याने कुठूनतरी एक स्टूल आणून दिलं आणि विमलबाईला बाजूला बसवलं. पण पाळण्यात घेतलं नाही. ती मान वर करून बघत बसली. चाक वर गेलं की तिचे डोळे वर जायचे, खाली आलं की खाली. तोंडातून गळणारी लाळ पिराजी धोतराच्या सोग्याने पुसत होता. तिने डाव्या हाताने त्याला ढकललं आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "तुमी... बसा."

तो बसला नाही. त्याने माझं झाकण काढून तिच्या तोंडाला पाणी लावलं. त्यातलं निम्मं तिच्या लुगड्यावर सांडलं.

गावी परतल्यावर पिराजी शेतात गेला. पाखरांनी बांधाकडची कणसं साफ केली होती. पुढे काढणी झाली, मळणी झाली, रास पडली, पोती ओसरीवर आली. त्याने पोत्यांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. दरसालपेक्षा एखादं पोतं कमी भरलं होतं. घरात वर्षभर पुरून उरेल इतका जोंधळा होता.

भिंतीला टेकून बसलेल्या बायकोकडे वळून तो म्हणाला, "एवढंच गेलं बग, इमल. एक पोतं. एवढंच जायाचं हुतं."

विमलबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तो म्हातारा पोत्याला मिठी मारून ओक्साबोक्शी रडला. पाखरांनी सगळं शेत धुऊन नेलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग एवढी वर्षं राखलं ते बरोबर होतं, असं तरी म्हणता आलं असतं.

मित्रांनो, मी पडलो साधा तांब्या, तुम्हाला काय शिकवणार? मला घासा, पुसा, असंही म्हणत नाही. पण तुम्ही कुणाला कुठे न्यायचं कबूल केलं असेल, तर याच साली न्या. पाखरं थोडं खातील. खाऊ देत.