उरलेली अर्धी

प्लास्टिकच्या हिरव्या पट्टीची घडी, आणि घडीत चिकटलेलं एकच अंडं – भिजल्या साबुदाण्याहून लहान, मधोमध फिकट पिवळा ठिपका. सुनेत्रानं चिमट्यानं घडी अलगद उघडली, पाहिली, पुन्हा मिटली. टाकीतली मादी मागच्या पायांनी दुसरी पट्टी कवटाळून दुमडत होती. एकेका अंड्याला एकेक पान, ही त्यांच्या जातीची रीत. पानाऐवजी प्लास्टिक मिळालं तरी तिचं दुमडणं तेवढंच मन लावून... पट्ट्या आता घालू नका, असं वरून कळवलं होतं. तरी सुनेत्रानं काल घातल्या. घातल्या नसत्या तर मादीनं उघड्या काचेवर अंडी घातली असती, एवढंच.

शुक्रवारी प्रयोगशाळेचा हा विभाग बंद होणार होता. प्रोफेसर केव्हाच युरोपात नव्या जागी रुजू झाले होते. प्रकल्प संपला होता, आणि प्रकल्प संपला की प्राणीही संपवायचे. सरड्यासारखे दिसणारे, पण बेडकांच्या गोतातले हे तुरेवाले न्यूट – नराच्या पाठीवर करवतीसारखा तुरा – सिंगापुरात घरी पाळायला बंदी, बाहेर सोडायला त्याहून बंदी. आणि सोडले असते तरी इथल्या क्वीन्सटाउन भागातल्या या उकाड्यात ते किती टिकले असते? यांना घ्याल का, म्हणून सुनेत्रानं जपानला लिहिलं, जर्मनीला लिहिलं. सगळ्यांची उत्तरं आली, सगळी सभ्य. परवान्यांना काही महिने लागतात, असं सगळ्यांनीच लिहिलं होतं.

ती एकेका वाडग्यापुढे बसून पिल्लांना चिरलेली गांडुळं भरवू लागली. मानेशी पिसांसारखे कल्ले, बोटं केसाएवढी. एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा वाडगा. तोडलेला पाय पुन्हा उगवतो. त्याच्याच अभ्यासासाठी तर त्यांना इथे आणलं होतं.

निम्मी अंडी मरतातच, प्रोफेसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कितीही जपा, यांच्या रक्तातच तो दोष आहे, दर विणीत अर्धे जीव शेपटी फुटता फुटता थांबतात. सुरुवातीला तिचा हात अडखळायचा. मग सवय झाली – पांढुरकी पडलेली अंडी वेचायची, टाकायची, चिमटा धुवायचा. कुणाची चूक नाही, या शब्दांत केवढा आराम होता... आणि उरलेली अर्धी? त्यांच्यात काहीच दोष नाही. ती जगली, खाऊ लागली, माझा हात वर आला की तोंड वर करू लागली. मग यांचं जे होणार आहे, त्यातही कुणाचीच चूक नाही का?

वाईला बाबांनी काही वर्षं रेशमाचे किडे पाळले होते. शेडमध्ये बांबूच्या ट्रेवर तुतीचा पाला, आणि खाण्याचा तो एकसारखा करकर आवाज. किडे आजारले की बाबा जेवत नसत. कोष झाले की पोती भरून जात, पुढे कुठे तरी गरम पाण्यात... तिनं एकदा विचारलं होतं, "बाबा, आतले किडे?"

"पाला टाकताना तो विचार करायचा नाही, सुनू," बाबा म्हणाले होते, आणि पाला सारखा करत राहिले होते. तेव्हा वाटलं होतं, किती कोरडा माणूस.

दुपारी, ती हॉकर सेंटरवरून जेवून परतली तेव्हा, न्यूट ठेवलेल्या थंड खोलीचा भोंगा वाजत होता. कूलिंग बंद पडलं होतं, काट्यावरचं तापमान चढत होतं. सुनेत्रा दारात उभी राहिली. होऊ दे, असं तिच्या मनात आलं – स्पष्ट, शांतपणे. आपण काही केलंच नाही तर... मशीन बिघडलं, कुणाची चूक नाही. शुक्रवार येणारच नाही.

पण पाय निघालेच होते. बर्फाच्या पिशव्या, बादल्या, ओले टॉवेल; विभागप्रमुख मिस टॅन उंच टाचांचे बूट काढून तिच्याबरोबर अनवाणी धावत होती. संध्याकाळपर्यंत मेकॅनिकनं कूलिंग सुरू केलं. एकही पिल्लू दगावलं नव्हतं.

"गुड जॉब, सुनेत्रा," मिस टॅन म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला. तिनं बूट पुन्हा पायांत घातले. मग ती हळूच म्हणाली, "फ्रायडेला मी करते. पाण्यात औषध घालायचं, झोपतात फक्त. यू डोन्ट हॅव टु कम."

"मी येईन," सुनेत्रा म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. अनोळखी हात नको, एवढंच बहुधा.

बुकित बातोकला घरी पोचली तेव्हा तिचा नवरा रुचिर ऑफिसच्या कॉलवर होता. त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? तिनं हातानंच सांगितलं, काही नाही. दहा वर्षांची इरा स्वयंपाकघरात मागोमाग आली. आईचा कुडता ओला का, हे तिला हवं होतं. सुनेत्रानं भोंग्याचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, मिस टॅनच्या अनवाणी पायांचंही सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं नाही.

"सो यू सेव्ह्ड ऑल?"

"हो."

"वा, सो गुड लाह, आई."

इरा पळाली. सुनेत्रा कणीक मळायला बसली. आत्ता बोलावून सांगावं, की उद्या, की सांगूच नये... सकाळपासून ती वाट बघत होती, कुणी तरी म्हणावं, यात तुझं काहीच नाही. आता कुणी म्हणालं असतं, तर तिला ते ऐकवलं नसतं. उद्या पुन्हा गांडुळं चिरायची होती, एकेका वाडग्यापुढे बसायचं होतं, आणि हात वर आला की तोंडं वर होणार होती. बाबा पाल्यावरून मान वर का करत नसत, हे तिला कळल्यासारखं वाटलं – आणि आपल्याला तसं जमणार नाही, हेही. कणीक केव्हाच मळून झाली होती. ती मळतच राहिली.