वादळात झाकण मिटणारा उपग्रह

मोजणीबाईंचा नवरा इतका जपून वागणारा की अंघोळीला जातानाही छत्री न्यायचा. खोटं वाटत असेल तर न्हाणीघरात ती अजून टांगलेली आहे, बघून या. दोघं एकाच नियंत्रण कक्षात कामाला. बाईंनी बनवलेलं यंत्र उपग्रहावर बसून पृथ्वीभोवती सुसाट पळणारे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, मोजायचं. उपग्रहाची तब्येत सांभाळायचे नवरोजी.

उपग्रह आता म्हातारा झाला होता. उद्या तो कायमचा बंद व्हायचा होता. त्यात परवा सूर्यानं ढेकर दिला आणि त्याचं चुंबकीय वादळ आज येऊन थडकलं. बाईंचं कित्येक वर्षांचं म्हणणं, की वादळातले सगळे आयन काही सूर्याकडून येत नाहीत. त्यातला ऑक्सिजन आपल्याच हवेतून वर उधळतो. ते आज दिसलं तर दिसलं, नाहीतर राहिलंच.

पडद्यावर आकडे भराभर चढले आणि एकदम शून्य.

"वादळ संपलं?" बाईंनी विचारलं.

"छे, आत्ता कुठे रंगात येतंय," नवरा म्हणाला.

"मग माझं यंत्र का झोपलं?"

नवरोजींनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"अहो, काय करून ठेवलंत?"

"मागच्या वादळानंतर उपग्रहालाच शिकवलंय. आयन फार वाढले की तुझ्या यंत्राचं झाकण आपोआप मिटायचं. यंत्र बिघडलं असतं तर तू महिनाभर माझ्याशी बोलली नसतीस."

"म्हणजे पाऊस मोजायचं भांडं, पाऊस आला की पालथं?"

"जपायला नको?"

"उद्या ते जाणारच आहे हो. आता कोणासाठी जपताय?"

नवरोजींनी डोळे घट्ट मिटून झाकण उघडायचा हुकूम वर धाडला.

झाकण उघडलं मात्र, आयन असे कोसळले की आकडे पडद्यात मावेनात. चार-पाच तर शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याच्या मांडीवर सांडले, त्यानं ते झटकून टाकले. आणि त्यात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन.

"बघा," बाई म्हणाल्या, "वादळ बाहेरचं, पण धिंगाणा घालणारे घरचेच."

"आणि झाकण घालणाराही घरचाच," नवरा पुटपुटला. बाई इतक्या हसल्या की त्यालाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी उपग्रह बंद झाला, तेव्हा त्याचं झाकण सताड उघडं होतं. न्हाणीघरातली छत्री मात्र जागची हललेली नाही. एका वादळात माणूस सुधारून सुधारून किती सुधारणार?