टार्पीसाहेबांची पत्रं

टार्पीवरच्या मालिकेचा तिसरा भाग होता त्या रविवारी संध्याकाळी कोल्मनच्या पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिना, बाहेर तळ्यावर अजून लख्ख उजेड, आणि आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून मुद्दाम अंधार करून बसलेलो. एका फटीतून उन्हाची पट्टी आत यायची आणि टीव्हीतल्या फेस्टस टार्पीच्या तोंडावरून हळूहळू सरकत राहायची. म्हणजे टार्पीचं काम करणाऱ्या नटाच्या तोंडावरून. खरा टार्पी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

"नट फार उंच घेतलाय," कोल्मन बारच्या मागून म्हणाला. "टार्पी माझ्या खांद्याला लागायचा."

"तू तेव्हा पिंपावर उभा असशील," मी म्हणाले.

टार्पी आमचा खासदार. अर्धं गाव त्याला देव मानायचं, अर्धं गाव चोर. एकमेकांच्या लग्नालासुद्धा न जाणारी ही दोन गावं आता एकाच खोलीत मांडीला मांडी लावून बसली होती आणि एकाच संगीताला नाक पुसत होती. पहिल्या भागापासून एक विचित्र गोष्ट झाली होती. खरं काय घडलं आणि टीव्हीवर काय बघितलं, हे कुणाला वेगळं सांगता येईना. टार्पी पावसात पुलावर भाषण करतो तेव्हा त्याच्या डोक्यावर छत्री आपणच धरली होती, असं कोल्मन शपथेवर सांगायचा. आमच्या गावात पूलच नाही. पण त्याला हे सांगणार कोण?

मी तरी कुठे शहाणी! बावीस वर्षं मी टार्पीची चिटणीस होते. मालिकेतली चिटणीस तांबड्या केसांची, शेलाटी, हिरवा कोट घालून फिरणारी. माझ्याकडे हिरवा कोट कधीच नव्हता. तरी दोन आठवडे मी स्वप्नात तोच कोट घालून तळ्याकाठी चालत होते, आणि बुटांचा आवाज होत नव्हता. सकाळी उठून कपाट उघडून बघायची. अट्रॅक्टा गॅनन, म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी वेड लागलं तुला.

तिसऱ्या भागात त्यांनी पत्रं दाखवली.

तेवढं मात्र अगदी खरं होतं. इस्पितळातली खाट, पेन्शन, फोन, घर, जे काही मंजूर व्हायचं त्याची यादी डब्लिनच्या सरकारी कचेरीतून आधी आमच्याकडे यायची. मग मी टाइप करायची, 'आपल्या प्रकरणी मी जातीने लक्ष घालून...' टार्पी सही ठोकायचा. सरकारी कागदाच्या एक दिवस आधी आमचं पत्र घरी पोचलं पाहिजे, एवढाच काय तो त्याचा पराक्रम. लोक जन्मभर उपकार मानायचे, आणि मतंही द्यायचे.

पब आधी खो खो हसला. मग एकेक जण गप्प झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारी डिंपना मॅकगोल्ड्रिक बसली होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची मुलगी ईटा सहा वर्षांची असताना तिचं हृदयाचं ऑपरेशन इस्पितळात खाट नाही म्हणून अडलं होतं. टार्पीचं पत्र आलं, खाट मिळाली, पोर वाचली. ते पत्र डिंपनाने चौकट करून स्वयंपाकघरात लावलं होतं. ती ग्लास तसाच ठेवून निघून गेली.

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात उभी. काखेत ती चौकट.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली. "बाकीच्यांचं जाऊ दे. माझ्या ईटासाठी तरी त्याने खरंच फोन केला होता ना?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण तिच्या त्या प्रश्नात दुसराच माणूस होता, हे मला ठाऊक होतं. तिचा भाऊ मॅलकी. ईटा आजारी होती त्याच वर्षी मॅलकी निवडणुकीत टार्पीच्या विरोधात उभा होता आणि ऐन वेळी त्याने अर्ज मागे घेतला. गावाने त्याला भित्रा म्हटलं. टार्पी जिंकून आला तेव्हा मॅलकीने त्याचा हात हातात घेतला नाही, आणि डिंपना सगळ्यांदेखत ओरडली होती, "माझ्या पोरीचा जीव वाचवला त्याने! तू काय केलंस रे? पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." तो आला नाही. बेचाळीस वर्षं.

"नाही, डिंपना," मी म्हणाले. "खाट आधीच मिळालेली होती."

ती खुर्चीवर बसली. मग मी उरलेलंही सांगितलं, कारण आता थांबले असते तर परत कधी तोंड उघडलं नसतं. अर्ज मागे घेतला त्या शनिवारी मॅलकी आमच्या कचेरीत आला होता. टोपी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, माझ्या भाचीला खाट मिळवून द्या, तुम्ही म्हणाल ते करतो. टार्पी म्हणाला, अर्ज मागे घे. मॅलकीने तिथंच सही केली. त्या टोपीखाली डिंपनाच्या नावाचं पाकीट होतं, खाट मंजूर झाल्याचं पत्र घालून, तिकीट लावून आधीच तयार. टार्पीने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी खाली मान घातली. जाताना मॅलकी मला म्हणाला, डिंपनाला कळू देऊ नकोस.

"बेचाळीस वर्षं तू माझ्या हातचं खातेस," डिंपना म्हणाली.

"हो."

"आणि गप्प बसलीस."

"हो. लाज वाटत होती."

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता ही उठून जाणार आणि मला आयुष्यात पुन्हा दिसणार नाही. तिने चौकट टेबलावर पालथी ठेवली.

"गाडी काढ," ती म्हणाली.

मॅलकीचं घर तळ्याच्या पलीकडे. धुकं इतकं खाली आलं होतं की रस्ता चाकांखाली आल्यावर दिसायचा. कुंपणं, मेंढ्या, कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं, सगळं पांढऱ्यातून वर यायचं आणि पुन्हा पांढऱ्यात जायचं. आम्ही दोघी कितीतरी वर्षं अशाच चाललोय आणि अजून कितीतरी चालायचंय, असं वाटत राहिलं.

तो अंगणात होडी उपडी घालून तिचं बूड खरवडत होता. ऐंशीचा झालाय आता. बहिणीला बघून त्याचा हात थांबला.

"चहा टाकू?" तो म्हणाला, जणू ती परवाच येऊन गेली होती.

"मॅलकी, तू ईटासाठी टार्पीकडे गेला होतास."

त्याने माझ्याकडे डोळे वटारले. "तुला सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून."

"बोलले," मी म्हणाले.

"निवडणुकीचा अर्ज देऊन टाकलास त्याला? माझ्या पोरीसाठी?" डिंपना म्हणाली.

"दुसरं काय होतं माझ्याजवळ द्यायला?" तो ओशाळून हसला. "भित्रा म्हणाले, म्हणू देत. ईटा सुट्टीत येते ना, चर्चच्या पायऱ्या धावत चढते. मी लांबून बघतो. म्हणतो, यातली एक तरी पायरी माझी. तेवढ्यावर दिवस जातात बघ." मग म्हणाला, "त्याचं ते नाटक टीव्हीवर लागतं म्हणे. मी नाही बघत. चोर होताच मेला. पण मला दिलेला शब्द त्याने पाळला."

डिंपनाने माझ्याकडे बघितलं. सगळं खरं आता तिच्या जिभेवर होतं. पण ते गिळून तिने भावाचे रंगाने माखलेले हात धरले.

"तुझ्यामुळे वाचली ती," ती म्हणाली.

तो लहान पोरासारखा खाली बघू लागला. मग एकदम माझ्याकडे वळला.

"खरंच का गं, अट्रॅक्टा? तू होतीस तिथं. कधी कधी रात्री वाटतं, त्याने माझं ऐकलंच नसेल. उगाच सही करून आलो."

"तू बाहेर पडलास," मी म्हणाले, "आणि दार लागायच्या आत त्याने मला पत्र टाइप करायला सांगितलं. तुझं नाव तेवढं घालायचं राहून गेलं, मॅलकी."