ताणावरची बाग

तळं काठोकाठ भरलेलं आणि बाग तहानेनं मरायला टेकलेली. सोजरबाईला हे बघवत नव्हतं.

मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची डाळिंबाची सहाशे झाडं. डिसेंबर लागला तसं सुनेनं, वैजयंतीनं, पाणी तोडलं. डाळिंबाचा बहार धरायचा तर महिनाभर झाडाला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. यालाच ताण देणं म्हणतात. झाड भितं, पानं टाकतं, आणि मग पाणी मिळालं की जिवाच्या आकांतानं सगळं एकदम फुलतं. हे शास्त्र सांगायला पांढऱ्या गाडीतून एक सल्लागार यायचा. बुटाला माती न लावता बांधावरूनच बोलायचा. "मावशी, झाड मारायचं नाही. फक्त मरायला टेकवायचं."

"तुला कुणी टेकवलंय का कधी?" सोजरबाईनं विचारलं होतं.

गडी मल्लिनाथ फिसकन हसला. वैजयंती नाही हसली.

तिचंही खरं होतं. नवरा एसटीवर, बाग तिच्या एकटीच्या अंगावर. मागल्या वर्षी ताण नीट बसला नव्हता. एकाच फांदीवर लिंबाएवढं फळ आणि त्याच्याशेजारी तांब्याएवढं. चार-चार क्रेट करून माल सोलापूरला न्यावा लागला आणि दलालानं तोंड वाकडं करून उचलला. औंदा सगळी बाग एका वयाची करायची, एका तोडणीत बांधावरच व्यापाऱ्याला द्यायची, एवढं तिनं घट्ट धरलं होतं.

आणि सोजरबाईला बसवत नव्हतं. चहा निम्मा टाकून उठायची, परड्यात जायची, परत यायची. घरामागची चाळीस झाडांची ओळ तिनं स्वतः लावलेली. चुलीपुढं बसलं की दारातून तीच दिसायची. पानं पिवळी पडली, कडा वळल्या. सासुरवाशीण होती तेव्हा या घरात दगडावर बसून अंघोळ व्हायची आणि ते पाणी चरीनं लिंबोणीच्या आळ्यात जायचं. खरकटं पाणीसुद्धा कुणी उंबऱ्याबाहेर फेकलं नाही. पाणी नव्हतं म्हणून झाडं वाळली, हे तिनं जन्मभर बघितलं. पाणी असून द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

एकविसाव्या दिवशी दुपारी वैजयंती औषधं आणायला मंगळवेढ्याला गेली. मल्लिनाथ पलीकडच्या अंगाला. सोजरबाई उठली आणि मागच्या ओळीच्या ठिबकचा कॉक फिरवला. तळं उंचावर, मोटार लागत नाही. नळी फुसफुसली, बुडाशी थेंब पडायला लागले, माती काळी झाली. ती तिथंच बसली. तासाभरानं कॉक बंद केला.

असं पाच दुपारी केलं.

दहा दिवस गेले. सगळी बाग हाडकासारखी उघडी पडली, आणि मागच्या ओळीवर लालचुटूक कोवळी पालवी. बघून कुणालाही बरं वाटावं अशी. वैजयंतीनं एक कोंब खुडून हातात धरला.

"पालवी फुटली म्हणजे फूल न्हाय! चाळीस झाडं गेली बहारातनं." ती वळली ती थेट मल्लिनाथवर. "कॉक कुणी उघडा ठेवला?"

"मी न्हाय वैनी."

"मग काय तळं चालत आलं? अकरा वर्षं खातोस हितं, एक कॉक कळंना तुला?"

चूक झाली की बोट पहिलं गड्याकडं. घरात चार माणसं असू देत, कुत्रं असू दे, बोट गड्याकडंच. बागायतदार शिकला, मोबाइलवर हवामान बघायला लागला, बोट मात्र जिथं होतं तिथंच आहे.

मल्लिनाथनं एकदा सोजरबाईकडं बघितलं. मग डबा उचलला, टॉवेल झटकला, सायकल काढली.

सोजरबाई दारातच होती. ती चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी तव्यावर करपली, दुसरी थापली, तीही करपली. जेवताना वैजयंती फोनवर नवा गडी विचारत होती तेव्हा म्हातारीनं ताट सरकवलं.

"कॉक मी उघडला."

"काय?"

"मी. पाच दिवस. ठेव तो फोन."

वैजयंतीनं फोन ठेवला. "आत्या, ह्या बागेसाठी मी वर्षभर कसं काढलं, तुमाला म्हाईत हाय ना?"

"हाय. माजी चूक हाय. त्याची न्हाय. चल, त्याच्याकडं जाऊ."

"मी येऊ? गड्याच्या दारात?"

"शिव्या तू दिल्यास. त्या मी कशा परत आणू?"

मल्लिनाथ वस्तीवर दारात सायकलीचं पंक्चर काढत बसला होता. उठला नाही.

"अव्वा, मी बघितलं होतं तुमाला," तो सोजरबाईला म्हणाला. "एकदा कॉक निम्माच फिरला होता, मी नीट बंद केला."

"आन् बोलला न्हाईस?" वैजयंती म्हणाली.

"बोललो असतो तर तुमी ऐकलं असतं? सासूचं नाव घेतो म्हणून आणि दोन जास्त दिल्या असत्या."

खाली बघत वैजयंती म्हणाली, "चुकलं माजं. ये उद्यापासनं."

"येतो. पण मागच्या कॉकची मूठ काढून अव्वाकडं द्यायची. परत काय झालं तर माजं नाव नको."

बाकीच्या बागेला जानेवारीत पाणी सुटलं. पंचवीस दिवसांत ती लालभडक फुलली. एकेका झाडावर पान दिसेना इतकी फुलं. मागच्या चाळीस झाडांना मात्र पहिल्यापासनं ताण. समोर पाणी वाहतंय, शेजारची झाडं पितायत, आणि ही परत पिवळी पडायला लागलेली. कॉकची मूठ सोजरबाईच्या कनवटीला. जेवताना टोचायची, निजताना टोचायची. दिवसातनं तीनदा ती मल्लिनाथला विचारायची, "किती राह्यलं रं?"

"बारा दिस, अव्वा."

"सकाळी पण बाराच म्हणालास."

"सकाळपासनं किती दिस गेले मग?"

ती उठली, फिरली, परत येऊन दगडावर बसली. ओळीकडं पाठ करून.

"अव्वा, झाडांकडं तोंड करून बसा की."

"बघितलं तर उघडीन," सोजरबाई म्हणाली. कनवटीवरचा हात तिनं काढला नाही. "गप काम कर."