सुधीरकाकांचा डी ड्राइव्ह आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. डोंबिवलीच्या सरोजकाकूंचं पोळीभाजी केंद्र आहे ना, त्यांच्या दिवाळी फराळाची यादी मी सांभाळतो. कोणाला भाजणीची चकली हवी, कोणाच्या चिवड्यात दाणे नकोत, सगळं माझ्यापाशी! बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी, सुधीरकाकांनी, मला लिहिलं. प्रोग्रॅम लिहायची भाषा निवडली ती फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर चालणारी. "हा कुठे बाहेर जाणारे?" असं ते म्हणायचे. काकू आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायच्या, आणि मी फुशारून जायचो.

चकल्या शहाडला नयनताई करतात, करंज्या ठाण्याला ऋजुता. काका यादी छापून दोघींना पाठवायचे.

यंदा दिवाळी दहा दिवसांवर आली आणि कॉम्प्युटरने मान टाकली. काकांनी पेनड्राइव्हवर माझी आणि यादीची नक्कल ठेवली होती. पण नयनताईंकडे लिनक्स, ऋजुताकडे मॅक, दोन्ही वेगळ्याच जातीचे कॉम्प्युटर. आणि काकांनी घाईने आणलेल्या नव्या कॉम्प्युटरनेही मला ओळख दिली नाही. यादी वाचता येत होती ती फक्त मला, आणि मी तर कुठेच उघडेना! साडेतीनशे घरांचा फराळ अडकला.

"लोकांना नाही म्हणून कळवावं लागणार," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी लेक क्षिप्रा आली. तिने कॅलेंडरच्या पाठी तिन्ही घरं लिहिली. "बाबा, भाषा नंतर. आधी सांगा, कुठे कुठे चालायला हवाय? तिन्हीकडे ब्राउझर आहे ना? मग जावास्क्रिप्ट, ती भाषा कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते."

"ती पोराटोरांची भाषा!" काका फणफणले.

"आणि तुमची? एकाच घरात बोलते!"

"अगदी तुमच्यासारखी हो," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काका हसले आणि अडुसष्टाव्या वर्षी नवी भाषा शिकायला बसले. माझी यादी कशी लिहिलेली असते ते त्यांनाच ठाऊक होतं, म्हणून बापलेकीने मिळून चार दिवसांत मला नव्याने घडवलं. काय मजा आली म्हणून सांगू!

बुधवारी पेनड्राइव्हवर बसून शहाडला पोचलो. नयनताईंनी मला उघडलं, मी झोकात उघडलोही. पण यादी कोरी! त्यांनी लगेच फोन लावला. "काका, मग शून्य चकल्या करू का?"

इकडे क्षिप्राने माझ्या आत डोकावून कपाळाला हात लावला. यादी कुठे शोधायची, तो पत्ता काकांनी सवयीने स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या डी ड्राइव्हचा लिहिला होता. "अहो बाबा, त्यांच्या घरी तुमचा डी ड्राइव्ह कुठून येणार?"

काका ओशाळले, मग खो खो हसत सुटले. यादी माझ्याच फोल्डरमध्ये, माझ्या शेजारी आली. मग शहाडला उघडलो, ठाण्याला उघडलो, डोंबिवलीलाही उघडलो. तिन्हीकडे तीच यादी! आनंद पोटात मावेना माझ्या. साडेतीनशे घरांचा फराळ वेळेवर गेला, आणि बिनदाण्याचा चिवडा बरोबर त्याच घरी पोचला.

शहाडहून आलेल्या चकल्यांच्या पहिल्या घाण्यातली एक काकूंनी कॉम्प्युटरसमोर ठेवली. "अगं, तो थोडाच खाणार?" काका म्हणाले.

"मग तुम्ही खा. त्याचे बाप तुम्हीच ना?"

काकांचे डोळे भरले. चकली मात्र लगेच संपली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. आम्हाला लिहाल तेव्हा आपल्या मशीनवर चाललो म्हणून लगेच टाळ्या पिटू नका. एकदा नयनताईंच्या घरी नेऊन उघडा. तिथे यादी दिसली, की मग खुशाल चकली खा.